घंटागाडीच्या मागून

आमच्याकडे सकाळीं साडेसातच्या सुमारास घंटागाडी येते. साताऱ्याच्या जुन्या पेठांतील गल्ल्या अरुंद आणि चढउताराच्या. त्यांतून ती लहानशी गाडी कर्ण्यावर गाणें वाजवीत वर येऊं लागली, कीं दारादारांतून एक हिरवी आणि एक निळी बादली बाहेर पडते. मामंजींची पूजा, मुलांचे डबे, सासूबाईंचा दुसरा चहा, हें सारें गाडीच्या अलीकडे करावयाचें कीं पलीकडे, एवढाच आमच्या सकाळचा हिशेब. अजिंक्यताऱ्यावर ऊन आलें म्हणजे गाडी आली, असें आमची धाकटी मुलगी म्हणते, आणि तें बहुधा खरेंहि असतें.

गेल्या वर्षीं गौरी-गणपतीच्या गडबडींत माझ्या हातून लोणच्याची कांचेची बरणी फुटली. घरांत आम्ही बाराजण, शिवाय पाहुणे. फरशीवर तेल, खार आणि कांचा. मीं तें सगळें एका वर्तमानपत्रांत लोटलें आणि ओल्या कचऱ्याच्या बादलींत, केळीच्या उष्ट्या पानांखालीं टाकून मोकळी झालें. दुसऱ्या दिवशीं गाडीवरच्या मावशींनीं बादलींत हात घातला. आमच्या ओल्या कचऱ्यांत दुधाच्या पिशव्या सांपडतात हें त्यांना अनुभवानें ठाऊक होतें. त्या काढून निराळ्या कप्प्यांत टाकण्याचें काम त्या रोज, कोणीं न सांगतां, करीत. त्या दिवशीं पिशवीऐवजीं बरणीचा काठ हाताला लागला.

मी हळद घेऊन धांवलें. मामंजींनीं औषधाची पेटी काढली, भावोजींनीं त्यांना स्कूटरवरून दवाखान्यांत नेलें. सहा टांके पडले. परत आल्यावर त्या पायरीवर टेकल्या आणि एवढेंच म्हणाल्या, "वैनी, चुकून झालं असंल. पर काच येगळी बांधून द्या की. आमचं हातावरचं पोट; आता आठ दिस खाडा."

मामंजींनीं आठ दिवसांची मजुरी पाकिटांत घालून त्यांना दिली, आणि सासूबाईंनीं चहा दिला. दिला तो अर्थात् पडवींतल्या कोनाड्यांत निराळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यांतून. हा पेला आमच्या घरांत किती वर्षें आहे, कोण जाणे. मी लग्न होऊन आलें तेव्हां तो होताच, आणि इतक्या वर्षांत मींहि त्याविषयीं कधीं कोणाला विचारलें नव्हतें. त्या दिवशीं मात्र, डाव्या हातानें तो पेला तोंडाशीं नेणाऱ्या मावशींकडे मला बघवेना.

मामंजी शाळेंत रसायनशास्त्र शिकवीत. निवृत्त होऊन त्यांना पंचवीस वर्षें झालीं, तरी घरांतील प्रत्येक अपघाताचा अजून धडा होतो. रात्रीं त्यांनीं कात्रणांची वही काढली. "सूनबाई," ते म्हणाले, "आपल्या शेजारीं काय चाललें आहे हें आपण पाहिलेंच नाहीं. केंद्र सरकारचें स्वच्छ सर्वेक्षण असतें ना, त्यांत लाखाच्या आंतील वस्तीच्या गांवांत २०२० सालीं देशांत पहिलें आलें तें कऱ्हाड. २०२१ सालीं विटा. २०२२ सालीं पांचगणी. तिन्ही जुन्या सातारा जिल्ह्यांतलींच." १९४९ सालीं त्या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्याचें नांव सांगली झालें, म्हणून आज विटा सांगलीकडे मोडतो. माझें सासर सातारा आणि माहेर सांगली असल्यामुळें या वांटणींत माझें कांहींच गेलें नाहीं.

बक्षिसांवर माझा फारसा विश्वास नाहीं. पाहणीचे दिवस जवळ आले म्हणजे भिंती कशा रंगूं लागतात, हें कोणत्याहि गांवच्या माणसाला ठाऊक आहे. परंतु एकाच मुलखांतील तीन लहान गांवांनीं ओळीनें तीन वर्षें इंदूर-सुरतेच्या पंक्तीला बसावें, हें केवळ रंगाच्या डब्यानें होण्यासारखें नाहीं. भाऊबीजेला मला सांगलीस जावयाचेंच होतें. मामंजी म्हणाले, "सरळ वाटेनें कशाला? कऱ्हाडला थांबूं, विट्यावरून जाऊं." भावोजींनीं गाडी काढली आणि आम्ही तिघें निघालों.

कऱ्हाडला माझी मावसबहीण दिली आहे. तिच्याकडे उतरण्यापूर्वीं आम्ही प्रीतिसंगमावर गेलों. कृष्णा आणि कोयना या दोघीहि महाबळेश्वराकडच्या. डोंगराच्या दोन कुशींनीं निराळ्या उतरून त्या येथें समोरासमोर भेटतात आणि मग एक होऊन पूर्वेकडे वळतात. कांठावर यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. सकाळची वेळ, धुकें अजून पाण्यावर होतें. मी लहानपणीं या घाटावर आलें होतें तेव्हां निर्माल्याचे हार आणि उदबत्तीचे पुडे पायऱ्यांना चिकटलेले पाहिल्याचें आठवतें. आतां निर्माल्यासाठीं निराळा कलश दिसला. एक म्हातारे गृहस्थ हारांतील फुलें सोडवून कलशांत टाकीत होते आणि दोरा खिशांत ठेवीत होते. मामंजींनीं सहज विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "दोरा कुजत नाहीं, नायलॉनचा आहे." इतकें साधें वाक्य, पण आमच्या घरचें निर्माल्य आजवर दोऱ्यासकट, आणि पुष्कळदां प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, कृष्णार्पण होत आलें आहे हें मला आठवलें.

दुसऱ्या दिवशीं मी तासभर सोमवार पेठेंत घंटागाडीच्या मागून हिंडलें. बहिणीला याचा संकोच वाटला; पाहुणी आणि कचऱ्याच्या गाडीमागें! गाडीला आंत कप्पे. बाई दारांत येते, दोन बादल्या देते, कामगार डोकावून पाहतो आणि रिकाम्या करून परत करतो. एका दारीं मात्र त्यानें बादली तशीच परत दिली. "मिसळलंय काकू, येगळं करून उद्या द्या," एवढेंच तो म्हणाला. काकू रागावल्या, कांहींतरी पुटपुटल्या, आणि बादली आंत गेली. पुढच्या दारीं गाडी पोंचली तेव्हां मागें त्या पायरीवर बसून खरोखरच केर निवडीत होत्या. मला वाटतें, या साऱ्या व्यवस्थेचें मर्म त्या परत केलेल्या बादलींत आहे. गाडी, कर्णा, रंगीत कप्पे हें सगळें पैशानें मिळतें. पण गाडीवरच्या माणसाला 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार असणें आणि त्याच्या मागें गांव उभें राहणें, हें विकत मिळत नाहीं. आमच्या मावशी कधीं 'नाहीं' म्हणाल्या नव्हत्या. त्यांनीं हात घातला होता.

कायदा म्हणाल तर तो या बाबतींत स्पष्ट आहे. पूर्वीं २००० सालचे नियम होते; २०१६ सालच्या घनकचऱ्याच्या नियमांनीं ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरांतच करून देणें हें प्रत्येक कुटुंबाचें कर्तव्य ठरविलें. पण कर्तव्य कागदावर असतें आणि केर सुनेच्या हातीं असतो. बहिणीच्या स्वयंपाकघरांत मीं पाहिलें: विळीजवळ एक झांकणाचें पातेलें, त्यांत सालें-देठें, चहाचा चोथा, खरकटें, ओट्याखालीं सुक्याची टोपली, माळ्यावर बंद पडलेले दिवे, बॅटरीचे सेल आणि मुदत संपलेल्या औषधांचा एक डबा. मागच्या दारीं दोरीवर, टॉवेलांच्या रांगेंत, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिमट्यांनीं वाळत घातलेल्या होत्या. तिच्या सासूबाई प्रथम हंसत असत म्हणे. आतां वाळलेल्या पिशव्या मोजून रद्दीवाल्याला त्याच देतात. "वेळ किती जातो ग?" मीं विचारलें. ती म्हणाली, "टाकतांना वेगळें केलें तर वेळ जातच नाहीं. एकदां एकत्र केलें, मग वेगळें करायला दिवस पुरत नाहीं."

कऱ्हाडहून विट्याला जातांना ओगलेवाडी लागते. ओगले बंधूंचा कांचकारखाना आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील यांचें नांव ज्या घरांत कोणीं ऐकलें नाहीं, असें जुनें मराठी घर विरळा. आमच्या माळ्यावर एक प्रभाकर अजून आहे. कारखाना बंद पडून पुष्कळ वर्षें झालीं. मामंजींनीं गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभें राहून मला कांचेचा पाठ दिला. कांच कितीहि वेळां वितळवा, तिचा गुण उणा होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर नव्या मालांत फुटकी कांच मिसळली म्हणजे भट्टीला जळण कमी लागतें, म्हणून कांचकारखान्यांना फुटकी कांच नेहमींच हवी असते. प्लॅस्टिकाचें तसें नाहीं. तें दर वेळीं थोडें थोडें हलकें होत जातें. "म्हणजे तुझी बरणी," मामंजी म्हणाले, "हा कचरा नव्हताच. आपण तिला कचरा केलें, वर शस्त्र केलें." मी कांहीं बोललें नाहीं. भावोजींनीं गाडी सुरू केली.

कडेगांव मागें पडलें आणि मुलूख कोरडा होऊं लागला. विटा हें खानापूर तालुक्याचें ठाणें, पर्जन्यछायेंतलें. कऱ्हाडजवळच्या टेंभूहून उचललेलें कृष्णेचें पाणी आतां इकडच्या शिवारांत पोंचलें आहे. त्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या येथल्या माणसांनीं पोट भरण्यासाठीं मुलूख सोडला. गेलीं तीं कोठें, तर देशभर, सोनेंचांदी गाळावयाला. गलाई हा या भागाचा धंदा. केरळापासून बंगालपर्यंत कोणत्याहि मोठ्या सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लींत भट्टीपुढें बसलेला माणूस खानापूर-आटपाडीकडचा निघण्याचा संभव फार. मामंजींचा एक विद्यार्थी असाच तीस वर्षें तमिळ मुलखांत भट्टी चालवून आतां गांवीं येऊन राहिला आहे. आम्ही त्याच्याकडे जेवलों.

स्वच्छतेंत विटा पहिला कसा आला, असें मीं त्यांना विचारलें, तेव्हां त्यांनीं भलतेंच उत्तर दिलें. ते म्हणाले, "वहिनी, सोनाराच्या दुकानांतला केर कधीं कोणीं फेंकलेला पाहिलाय?" सोनाराच्या दुकानांत झाडलेली धूळ, भट्टीची राख, हात धुतलेलें पाणी, बसण्याच्या जुन्या सतरंज्यासुद्धां विकल्या जातात. झारेकरी ती घेतात, धुतात, जाळतात, आणि तिच्यांतून गुंजागुंजानें सोनें काढतात. "आमच्या धंद्यांत केर म्हणजे अजून हिशेब न झालेला माल. मात्र एक आहे. चांदीवाल्याचा केर सोनेवाल्याच्या केरांत मिसळला, कीं दोन्हींची मजुरी वाढली आणि नफा गेला. पहिल्यापासून वेगळा ठेवायचा." विट्याच्या बक्षिसाचें हें कारण मी मानतें असें नाहीं, नगरपालिकेचे कर्मचारी, झाडणाऱ्या बाया, अधिकारी आणि नागरिक यांनीं जें केलें तें गलाईच्या पुण्याईवर घालणें अन्यायाचें होईल. पण कचरा म्हणजे काय हें मला कोणीं इतक्या थोडक्यांत सांगितलें नव्हतें.

दुपारीं त्यांनीं आम्हांला गांवाबाहेर खत करण्याच्या जागीं नेलें. वास होता, नव्हता असें मी म्हणणार नाहीं. पण तो सडल्याचा नव्हता, पावसाळ्यांतल्या परसाचा होता. ओल्या कचऱ्याच्या लांबट राशी घातलेल्या होत्या. कामगारानें एक रास फावड्यानें उलथली, तेव्हां आंतून वाफ निघाली. मामंजींना फार आनंद झाला. राशीला हवा मिळत राहिली, तर आंतल्या सूक्ष्म जंतूंच्या कामानेंच ती ५५-६० अंशांपर्यंत तापते. त्या उष्णतेंत रोगजंतु आणि तणाचें बीं मरतें, आणि महिना-दीड महिन्यांत काळें, भुसभुशीत खत हातीं येतें. तोच कचरा प्लॅस्टिकांत गुंडाळून डोंगरासारखा साठवला, तर हवेवांचून कुजतो, मिथेन वायु सोडतो आणि उन्हाळ्यांत पेटतो. राज्यांतील नगरपालिकांच्या अशा खताला सरकारनें 'हरित महासिटी कंपोस्ट' असें लांबलचक नांव दिलें आहे. शेतकरी त्याला नुसतें खत म्हणतो, आणि पोत्यांत कांचेचा एक तुकडा निघाला तर पुन्हां घेत नाहीं. येथेंहि कांच!

शेजारच्या शेडमध्यें पांचसहा बायका सुका कचरा निवडीत होत्या. बाटल्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, चपला, चिंध्या, आणि बिस्किटांचे ते चकचकीत पुडे, ज्यांना घेणारा कोणी नसतो. एकीच्या पुढ्यांत काळ्या पिशव्यांचा एक ढीग निराळा होता. त्यांत काय आहे हें मीं विचारलें नाहीं. मला कळलें होतें. या विषयावर घरांतल्या सगळ्यांनीं वाचावयाच्या पानांत लिहावें कीं नाहीं, याचा मीं पुष्कळ विचार केला. पण मोठ्या घरांत आपण सुना-मुली जें पुरुषांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून काळ्या पिशवींत बांधतों, आणि लाजेनें सालांच्या खालीं दडपतों, तें शेवटीं कोणीतरी बाईच उघडते, उघड्या हातांनीं. हे पॅड बहुतांशीं प्लॅस्टिकाचे असतात. त्यांचें खत होत नाहीं, ते भंगारांतहि जात नाहींत, त्यांना निराळें जाळावें लागतें. २०१६ च्या नियमांत ते नीट गुंडाळून ओल्यांत न टाकतां सुक्यांत द्यावेत असें होतें. आमच्या घरांत चार बायका आणि दोन मुली. नियम आम्हांपैकीं एकीलाहि ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी तो कोणीं कोणाला मोठ्यानें सांगितला असता?

विट्याहून तासगांवावरून सांगली. तासगांव तालुक्यांतील अंजनी हें आर. आर. पाटलांचें गांव. ग्रामविकासमंत्री असतांना त्यांनीं २०००-०१ सालीं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें, आणि कीर्तनापूर्वीं हातांत खराटा घेऊन गांव झाडणाऱ्या त्या साधूचें नांव पुन्हां खेडोपाडीं गेलें. सरकारी पैशानें नव्हे, गांवकऱ्यांनीं आपल्या अंगमेहनतीनें गांव स्वच्छ करावयाचें आणि मग स्पर्धा, अशी ती कल्पना. शहरांचीं सर्वेक्षणें पुढें पुष्कळ वर्षांनीं, २०१६ पासून, आलीं.

सांगलींत आमचें घर गांवभागांत, गणपतीच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर गेलें. धोक्याची पातळी तेथें ४५ फुटांची. आमच्या माजघरांत पुरुषभर पाणी आठवडाभर होतें. पाणी ओसरल्यावर मी साताऱ्याहून गेलें, तो देखावा मी विसरणार नाहीं. साऱ्या गल्लीनें आपापला संसार दारांत आणून टाकला होता. गाद्या, कपाटें, फुगलेले दरवाजे, धान्याचीं पोतीं, देवघराचें मखर, लग्नांचे फोटो. नगर वाचनालयाचीं हजारों पुस्तकें भिजून गेलीं. आमच्या दादानें वडिलांच्या वह्यांचा गठ्ठा उचलला, तो हातांतच फुटला. आईचा पैठणीचा पेटारा उघडावयाला ती तयार होईना. चौथ्या दिवशीं उघडला, तेव्हां आंत चिखल आणि जर एवढेंच होतें.

जें काल घर होतें तें आज कचरा, आणि त्याला ओला म्हणावें कीं सुका, हा प्रश्न विचारावयालाहि कोणी शिल्लक नव्हता. बाहेरगांवच्या महापालिकांचे सफाई कामगार तेव्हां सांगलींत आले. आमच्या गल्लींत आलेल्या पथकांत विशीतला एक मुलगा होता. त्यानें आईच्या पेटाऱ्यांतला चिखल घमेल्यांत काढतांना मध्येंच थांबून एक लहान चांदीची वाटी पाण्यांत खळबळली आणि आईपुढें धरली. माझ्या बारशाची वाटी होती ती. आईनें त्याला घरांत बोलाविलें, पण घरांत बसावयाला कोरडी जागा नव्हती. तेव्हां दोघें ओल्या जोत्यावर बसलीं, आणि शेजारच्या गच्चीवर झालेला चहा एकाच तऱ्हेच्या कागदी पेल्यांतून प्यालीं. त्या आठवड्यांत सांगलींत कोणाकडेच निराळा पेला उरलेला नव्हता.

भाऊबीजेच्या रात्रीं हें सगळें पुन्हां निघालें. मीं मावशींच्या हाताची हकीकत सांगितली, पेल्याचीहि सांगितली. मामंजी व्याह्यांच्या घरीं असल्यामुळें जरा अवघडले. मग तेच म्हणाले, "कोंकणांतले आप्पासाहेब पटवर्धन १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत उपोषणाला बसले, कशासाठीं? तर मला भंगीकाम करूं द्या म्हणून. गांधीजींनींहि त्यांच्यासाठीं उपास धरला. मीं ही गोष्ट वर्गांत तीस वर्षें सांगितली असेल." पुढें ते कांहीं बोलले नाहींत. डोक्यावरून मैला वाहणें कायद्यानें बंद करण्यास १९९३ साल उजाडावें लागलें, आणि तो कायदा पुरेना म्हणून २०१३ सालीं दुसरा करावा लागला, ही पुस्ती माझ्या वहिनीनें जोडली. ती वकील आहे. तिला सनावळ्या पाठ असतात.

पांचगणी डिसेंबरांत झाली, पाहुण्यांबरोबर. वाईहून पसरणीचा घाट चढून गेलें म्हणजे थंड वारा लागतो आणि माणसाला उगाच खावेंसें वाटतें. कणीस, चणे, स्ट्रॉबेरी. गांवची वस्ती पंधरा हजारांच्या आंतबाहेरची, पण शाळांचीं वसतिगृहें आणि हवा खावयाला येणाऱ्यांच्या झुंडी धरल्या तर केर कितीतरी मोठ्या गांवाचा. तेथें पूर्वीं जो कचऱ्याचा उकिरडा होता त्याच जागेची बाग केली आहे, आणि तिला 'स्वच्छ भारत पॉइंट' असें नांव आहे. महाबळेश्वर-पांचगणीला पॉइंटांना तोटा नाहीं; परंतु साहेबाच्या नांवाचा नसलेला आणि सूर्यास्ताशीं संबंध नसलेला असा हा एकच असावा. आमच्या पाहुण्यांना तो पाहण्यांत रस नव्हता. "कचराडेपो पाहायला पांचगणीला आलों का?" असें वन्सं म्हणाल्या. तरी मीं नेलेंच. आंत शिरल्यावर त्यांनींच आधीं फोटो काढला.

तोंवर आमच्या गल्लींत आमचा स्वतःचा प्रयोग सुरू झाला होता. सांगलीहून परतल्यावर मामंजींनीं अकरा घरांची बैठक आमच्या पडवींत घेतली. महिनाभर ओलें, सुकें आणि 'सांभाळून' असे तीन भाग करावयाचे. मावशींनीं मिसळलेली बादली परत करावयाची. आणि परत आलेल्या घरानें त्याबद्दल तक्रार करावयाची नाहीं. मावशी हातांत रबरी मोजे घालून आल्या होत्या, पुन्हां पुन्हां म्हणत होत्या, "मला जमंल का, बामनाची बादली परत कराया?" पहिल्या आठवड्यांत त्यांनीं एकहि परत केली नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत पहिली परत आली ती आमची. धाकट्या मुलीनें वाढदिवसाच्या केकचा खोका, आंत क्रीम आणि मेणबत्त्या असलेला, तसाच निळ्या बादलींत कोंबला होता. सासूबाई दारांतच होत्या. त्यांनीं बादली घेतली, एक शब्द बोलल्या नाहींत, आणि आंत येऊन नातीला जें काय बोलल्या तें गल्लीनें ऐकलें.

प्रयोग साधला असें मी म्हणणार नाहीं. अकरांपैकीं सात घरें टिकलीं. एका घरांत भाडेकरू विद्यार्थी आहेत, ते उठतात तेव्हां गाडी केव्हांच गेलेली असते. एका घरीं आजोबा आजारी. त्यांच्या लंगोटांचें काय करावें याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, म्हणून त्यांना आम्हीं कांहीं म्हटलें नाहीं. बिस्किटांचे पुडे अजून टोपलींत साठतात आणि कोणी घेत नाहीं. बोहारीण मात्र पुन्हां गल्लींत येऊं लागली आहे. जुन्या साड्या सुक्या कचऱ्यांत जातात हें तिला कोणीं सांगितलें, कळत नाहीं. पॅडांसाठीं आम्हां बायकांनीं एक खूण ठरविली: वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यावर तांबड्या शाईचा ठिपका. तांबडें दिसलें कीं उघडावयाचें नाहीं. हें ठरवितांना सासूबाई उठून आंत गेल्या नाहींत, याचें मला अजून नवल वाटतें.

कोनाड्यांतला पेला एके दिवशीं दिसेनासा झाला. मीं काढला नाहीं. कोणीं काढला हें विचारण्याची ही वेळ नव्हे, असें मला वाटलें. त्या दिवशीं मावशींना चहा आमच्याच कपांतून गेला, आणि कप धुवून मांडणीवर चढला. मावशींनीं तो घेतांना सासूबाईंकडे एकदां पाहिलें, इतकेंच. दोघींपैकीं कोणी बोललें नाहीं. टांक्यांचा व्रण त्यांच्या तळहातावर अंगठ्याच्या मुळाशीं आहे. थंडींत तो ओढतो म्हणतात.

परवां मामंजींच्या हातून औषधाची बाटली फुटली. त्यांनीं तुकडे स्वतः टिपले, जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत घातले, दोरीनें बांधले आणि सुवाच्य अक्षरांत वर लिहिलें, 'कांच आहे, सांभाळून घ्यावें.' गाडी आल्यावर ते स्वतः तें घेऊन खालीं गेले. मावशींनीं खोका उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "आण्णा, मला कुठं वाचता येतंय? तांबडा ठिपका द्या की." मामंजी परत वर आले, त्यांनीं तांबडी शाई शोधली, आणि गाडी तोंवर खालीं थांबून राहिली.